तळाची दोरी

४ मे, रविवार

आज जेवताना टिटवी माझ्याशी बोलली. म्हणजे बघत होती आईकडे, पण उत्तर माझ्या प्रश्नाचं होतं, म्हणून मी ते माझ्याच वाट्याचं धरतो.

मी विचारलं होतं, "सुट्टी लागलीच आहे, तर एखाद्या दिवशी तळ्यावर गळ टाकायला जायचं का?" ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, त्यांना सांग, बाबांच्या रिळांवरची दोरी फार जुनी झालीय. तुटेल."

लग्न करून मी या घरात राहायला आलो, त्याला अजून वर्ष झालं नाही. एवढ्या काळात तिच्याकडून मिळालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी दिवसभर ओरडायची म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं. ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील, चालता चालता हृदय बंद पडलं. घरात येणारे-जाणारे सगळे तिला टिटवीच म्हणतात. माझी छाती होत नाही, मी नुसतं 'अगं' म्हणतो. ती मला काहीच म्हणत नाही. या वहीत मात्र मी टिटवी लिहितो, इथे कुणाला ऐकू जात नाही.

संध्याकाळी तिच्या आत्याचा फोन, दर रविवारसारखा. आत्या चांगली बाई आहे, हीच तर पंचाईत. वाईट असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. टिटवीने जूनपासून तिच्याकडे राहावं, शाळाही तिकडचीच बघावी, असं तिचं म्हणणं. "नव्या माणसाबरोबर पोरीला अवघडल्यासारखं होत असेल," असं ती हिला, म्हणजे टिटवीच्या आईला, म्हणाली. नवा माणूस म्हणजे मी. ही म्हणाली, टिटवी तेरा वर्षांची आहे, तिचं ती ठरवेल. फोन ठेवल्यावर हिने एकाच टॉवेलची दोनदा घडी घातली.

पोरगी गेली तर ही वरवर हसत राहील आणि आतून मोडेल. आणि त्याला कारण मी. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. कुणाला दिसत नसेल तर कुठली काच लावायची ते मला कळतं, बाकी आयुष्यातलं फारसं कळत नाही. पण दोरी जुनी झाली असेल तर ती बदलता येते, एवढं तर मलाही जमेल.

६ मे, मंगळवार

हिला विचारून कपाटावरची पेटी खाली काढली. तीन रिळं निघाली. एक मोठं, पुढे तारेची कडी असलेलं. एक आडव्या ढोलकीसारखं. आणि एक टोपणवालं, लहान मुलांचं, त्यावर फुलपाखराचं स्टिकर. तिन्हींवर तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याची दोरी. एके काळी पारदर्शक असेल, आता दुधाळ झालीय, मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यासारखी. टोक सोडलं की स्प्रिंगसारखी उसळते.

तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गळाच्या सामानाचं दुकान आहे. मालकीणबाई दमेकरी, पण आवाज खणखणीत. मला वाटलं होतं, दोरी मागायची आणि ती मीटरवर मोजून देईल. तर तिने माझीच तपासणी सुरू केली.

"कुठल्या रिळाला? काठावरून टाकणार की होडीतून? तळाला दगड आहेत की चिखल? पाणी नितळ की गढूळ? केवढा आहे?"

"तेरा वर्षांची आहे," मी म्हटलं.

"मासा?"

"नाही, मुलगी. माशाचं माहीत नाही."

बाईंनी छातीवर हात ठेवून दम खाल्ला. मग काउंटरवर तीन प्रकार मांडले. साधा तंगूस: ओढ बसली की थोडा लांबतो, त्यामुळे नवशिक्याचा हिसका पोटात घेतो, पण उन्हाने मरतो. विणलेली दोरी: बारीक आणि दांडगी, लांब जाते, जराही ताणत नाही. पण दगडाला घासली की संपली, आणि नितळ पाण्यात माशाला लांबून दिसते. तिसरी फ्लुरोकार्बनची: पाण्यात जवळपास दिसतच नाही, घासायला चिवट, पण कडक. "ती रिळावर नांदत नाही," बाई म्हणाल्या. "टोकाला चार-सहा हात जोडायची, बस."

मी लोकांना खुर्चीत बसवून 'हे स्पष्ट की हे स्पष्ट' असं विचारत सुटतो, तेव्हा त्यांचं काय होत असेल ते आज कळलं. काही न घेता परत आलो. रस्ताभर वाटत राहिलं, चुकीची दोरी घेतली आणि पहिल्याच दिवशी तुटली तर? 'तुटेल' असं तर ती आधीच म्हणून बसलीय.

८ मे, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत तळं बघून आलो. धक्क्यापाशी पाणी नितळ, खाली पाणवेली. बांधाकडे दगडच दगड. मधे किती खोल आहे ते कुणालाच माहीत नाही.

धक्क्यावर एक टोपीवाले गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "विणलेली? छे. त्या बाईचं मुळीच ऐकू नका. तंगुसासारखी दोरी नाही." मी त्यांच्या रिळाकडे बघितलं, तर त्यावर हिरवीगार विणलेली दोरी. "ही बायकोने आणली," ते म्हणाले आणि पाण्याकडे बघत बसले.

दुपारी एका बाईंना जवळच्या नंबराऐवजी लांबचा लिहून दिला. त्या परत आल्या म्हणून बरं.

११ मे, रविवार

पुन्हा आत्याचा फोन. यावेळी टिटवी स्वतः बोलली, दार लावून. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, नळ बंद करून बसलो होतो. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. बाहेर आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाली आत्या?" तर "काही नाही."

ही मला नंतर म्हणाली, "मी तिला थांब म्हणणार नाही. थांब म्हटलं तर ती माझ्यासाठी थांबेल, आणि मग मला आयुष्यभर तिच्या तोंडाकडे बघवणार नाही." एवढं बोलून तिने ओटा पुसला. ओटा स्वच्छ होता.

मधल्या खोलीत टिटवी मोठं रीळ मांडीवर घेऊन बसली होती. मूठ फिरवत नव्हती, दोरी ओढतही नव्हती. एका जागी वेढ्यांवर वेढे चढून टेंगूळ आलंय, त्यावरून बोट फिरवत होती. फार वाईट गुंडाळलेली दोरी आहे ती. तिच्या बाबांना बाकी काय काय येत असेल कोण जाणे, पण हे काम त्यांचं नव्हे. ती पण तेच बघत असावी. मला बघून तिने रीळ पेटीत ठेवलं.

आता उशीर करून चालायचं नाही. या आठवड्यात आणायचीच.

१४ मे, बुधवार

केलं एकदाचं. आज आमचं दुकान अर्धा दिवस बंद होतं. ही दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला, टिटवी मैत्रिणीकडे. घर माझं.

बाईंकडून सगळं ठरवून आणलं होतं. टोपणवाल्याला मध्यम जाडीचा नवा तंगूस, कारण त्याच्या पोटात विणलेली दोरी घसरते आणि अडकते. ढोलकीसारख्याला जाड तंगूस. बारीक दोरी दिली तर जोराची ओढ बसताच ती वरच्या वेढ्यांतून खाली रुतते. मोठ्याला विणलेली, आणि टोकाला फ्लुरोकार्बन, म्हणजे नितळ पाण्यात मासा बुजायचा नाही. हे सगळं मी आता झोपेत सांगू शकतो.

जुनी दोरी काढायलाच फार वेळ गेला. काढता काढता जमिनीवर हा एवढा ढीग झाला. टोपणवाल्या रिळाच्या तळाशी गाठ होती ती तर बुटाच्या नाडीसारखी. गाठ मारताना मासे धरणारे ती थुंकीने ओली करतात, नाहीतर ओढताना दोरी भाजते. मी बाईंसमोर तीनदा करून दाखवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नव्हतं.

मोठ्या रिळाची मात्र सगळी दोरी काढली नाही. बाईंनी बजावलं होतं की विणलेली दोरी उघड्या धातूवर गुंडाळली तर सगळी गुंडाळीच गरागरा फिरते, ओढ लागतच नाही. शिवाय नवी दोरी रीळ काठापर्यंत भरेल एवढी नव्हती, आणि रीळ अर्धवट भरलं तर गळ लांब जात नाही. तेव्हा तळाचा जुना थर ठेवला आणि त्यावर नवी जोडली. दोन निरनिराळ्या दोऱ्या जोडायची गाठ म्हणजे दोन्हीकडून वेढे घेऊन एकमेकींवर ओढायच्या. सहा वेळा सुटली, सातव्यांदा बसली.

जुन्या दोरीचं काय करावं? बाईंच्या दुकानाच्या दारावर पाटी आहे, दोरी अशीच टाकू नका, पक्ष्यांचे पाय अडकतात. मी सगळ्या ढिगाचे कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे केले. हाताला फोड आला. पण चूक ठेवायची नाही म्हणजे नाही. संध्याकाळी कचऱ्याची गाडी आली, तिच्यात देऊन टाकले.

तिन्ही रिळं पुसून पेटीत ठेवली आहेत. उद्या सकाळी दाखवीन. फार दिवसांनी मला स्वतःबद्दल बरं वाटतंय.

१५ मे, गुरुवार

काय लिहावं कळत नाही.

सकाळी पेटी टेबलावर ठेवली. म्हटलं, "अगं, बघ तरी." तिने झाकण उघडलं. आधी फुलपाखराचं रीळ घेतलं, मग ढोलकीसारखं, मग मोठं. प्रत्येकावर बोट फिरवलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला. मला वाटलं, आनंदाने बोलता येत नसेल. असा मी.

"जुनी कुठेय?" तिने विचारलं. आईला नव्हे, मला. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, पक्ष्यांना त्रास नको म्हणून कशी बोटभर कापली आणि गाडीत दिली. ती ऐकत राहिली. मग उठून आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ही म्हणाली, "ती दोरी त्याने गुंडाळलेली होती. त्याच्या हातची."

"मग मला कुणी सांगायचं होतं ना."

"मलाही आत्ताच कळतंय," ही म्हणाली आणि खाली बसली. दोघं बसून राहिलो. दोघांनाही कामाला उशीर झाला.

दोरी जुनी झालीय, तुटेल, असं ती म्हणाली होती. मला त्यात बिघाड ऐकू आला. गढूळ काच दिसली की बदलायची, हीच माझी अक्कल. जिने तीन वर्षं तो गळ एकदाही पाण्यात टाकला नाही, ती का टाकत नव्हती, एवढं मला विचारता आलं नाही? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१६ मे, शुक्रवार

टिटवीने आज स्वतःहून आत्याला फोन केला. रविवारची वाट पाहिली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरलं. ही म्हणाली, "बरं." नंतर मला म्हणाली, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही." म्हणाली नसती तर कदाचित तितकं लागलं नसतं.

सकाळी कचऱ्याच्या डेपोवर जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, "काय हरवलं? अंगठी?" मी म्हटलं, दोरी. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि समोरचा डोंगर दाखवला.

१९ मे, सोमवार

आज एका आजोबांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत होतो. 'हे स्पष्ट की हे' म्हणता म्हणता मधेच थांबलो. आजोबा म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतंय, पण तुम्ही ठीक आहात ना?"

मोठ्या रिळाचा तळ. तो मी काढलाच नव्हता. नव्या दोरीखाली तिच्या बाबांची दोरी अजून आहे. त्यांनी गुंडाळली होती तशी, वाकड्यातिकड्या वेढ्यांची.

चार दिवस हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि मी स्वतःला बारीक कामाचा माणूस म्हणवतो.

पण सांगायचं कसं? आता गेलो तर तिला वाटेल, सारवासारव करायला आला. आणि ती म्हणाली, बाकीचं तर कापलंत ना, तर? घराभोवती दोन चकरा मारल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, किल्ली विसरलात का. शेवटी तिच्या दाराशी उभा राहिलो आणि उंबऱ्याकडे बघत एका दमात सांगून टाकलं.

ती म्हणाली, "किती?"

"तळाचा सगळा थर. बोटभर जाड असेल."

"नक्की?"

"वरची उलगडून दाखवू का?"

"घरात नको," ती म्हणाली. मग, "तळ्यावर बघीन. टाकून."

रीळ तिने उशाशी ठेवलंय. ही सांगत होती. जाण्याचा बेत बदललेला नाही, बॅग कपाटातून खाली आलीय. निदान मी खोटं तरी बोललो नाही, एवढंच म्हणायचं.

२२ मे, गुरुवार

रविवारी तळ्यावर जायचंय. जीव टांगणीला लागलाय.

तळाची दोरी जुनी, म्हणजे कुजकी. मी ती टोकाला थोडी ओढून बघितली होती तेव्हाच समजलं होतं. पण तळाला काय फरक पडतो, तिथवर दोरी जातेच कुठे, असं बाई म्हणाल्या होत्या. खरं आहे, लहान मासा तिथवर पोचत नाही. पण मोठा लागला आणि नवी सगळी दोरी घेऊन पळाला तर? मग एक तर माझी गाठ सुटेल, नाहीतर त्यांची दोरी तुटेल. कुठलं जास्त वाईट तेही ठरवता येत नाही.

आज बाईंकडे गेलो. विचारलं, "मासे ज्याला मुळीच तोंड लावत नाहीत असं काही आमिष मिळेल का?"

"माझ्या दुकानातलं निम्मं," बाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "झालंय काय तुम्हाला?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक डबी पुढे केली. त्यात प्लॅस्टिकची लाल अळी होती. "ही गेल्या वर्षापासून पडून आहे. एक मासा फिरकला नाही म्हणून गिऱ्हाइकांनी परत आणून दिलेली. न्या."

सोबत हेही सांगितलं की रिळाच्या पुढचा स्क्रू आवळला की दोरी सुटणं थांबतं. मोठा मासा लागलाच तर स्क्रू आवळायचा. टोकाची फ्लुरोकार्बन तुटेल, कारण ती मुद्दाम सगळ्यात हलकी दिलीय. मासा जाईल, बाकी सगळं वाचेल. हे मी तीनदा घोकलं.

२५ मे, रविवार

ही ड्यूटीवर. आम्ही दोघंच गेलो. मी गळाचा रॉड धरायला मागितला तर तिने दिला नाही, पिशवी दिली. वाटेत एक शब्द नाही. मी दोनदा म्हटलं, ऊन आहे. दोन्ही वेळा ऊन होतंच.

धक्क्यावर टोपीवाले नव्हते. तिने लाल अळी बघितली आणि विचारलं, "ही काय आहे?" मी म्हटलं, दुकानात हीच होती. तिने कडी उलटली, बोटात दोरी धरली आणि रॉड मागे नेऊन असा टाकला की मी खाली वाकलो. गळ फार लांब गेला. तीन वर्षांत ती काही विसरली नव्हती.

पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला काही नाही. मी मनातल्या मनात त्या अळीचे आभार मानत होतो. प्रत्येक खेपेला ती रिळात वाकून बघे, तळ दिसतोय का ते. दिसत नव्हता, दोरी तेवढी जातच नव्हती.

आणि मग रॉड वाकला. नुसता वाकला नाही, तिच्या हातून निसटतच होता. मला वाटलं पाणवेल असेल. पण वेल पळत नाही. रीळ किंचाळायला लागलं, नवी दोरी सरासर सुटत गेली, थेट तळ्याच्या मध्याकडे. हे कुठलं जनावर होतं देव जाणे. सगळ्या तळ्यात असा एकच असेल आणि नेमकी त्यालाच ती अळी आवडली.

"स्क्रू आवळ," मी ओरडलो. "आवळ, टोकाला तुटेल, बाकीचं वाचेल."

तिने बोट स्क्रूवर ठेवलं. ती रिळात बघत होती. रिळावरची दोरी कमी होत गेली, होत गेली, आणि खालून दुधाळ वेढे दिसायला लागले. माझी गाठ रिळावरून उचलली गेली, रॉडच्या कड्यांमधून टकटक करत गेली आणि पाण्यावर निघाली. सुटली नाही. तिच्या मागे ती जुनी दोरी निघाली, वळ्यावळ्यांची, उन्हात पांढरी. टेंगूळ होतं तिथे रीळ जरा अडलं, मग पुढे गेलं.

"आवळ गं," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता. तिने बोट काढून घेतलं.

मग एक बारीक आवाज झाला आणि रॉड सरळ झाला. रिळाच्या तळाशी दोन-चार वेढे उरले होते. बाकी सगळं पाण्यात गेलं. नवी दोरी, माझी गाठ, आणि त्यांची दोरी.

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. म्हटलं, आता हिच्या आईला काय सांगायचं. आणि मला आवाज ऐकू आला, तो रडण्याचा वाटला, म्हणून बघितलं. ती हसत होती. म्हणजे डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती, धक्क्यावर फतकल मारून.

"अस्संच व्हायचं," ती म्हणाली. "दरवेळी. मोठा मासा लागला की बाबांची दोरी तुटायची. आई म्हणायची, अहो बदला ती. तर म्हणायचे, चांगली आहे की अजून. आणि मग असेच उभे राहायचे. तुम्ही आत्ता उभे आहात ना, तोंड उघडं टाकून, अगदी तसे."

मी तोंड मिटलं. म्हटलं, "पण दोरी पाण्यात राहिली. पक्षी अडकतील."

तिने डोळे पुसले, थोडा विचार केला. "शोधू या मग," म्हणाली.

दुपारभर तळ्याचा काठ धुंडाळला. दोरी मिळाली नाही. बुटात चिखल, पायाला दोन जळवा, डोक्यावर ऊन. आणि वर टिटवीची अखंड बडबड. बाबा कसे गळात स्वतःची टोपी अडकवायचे, एकदा होडी बांधायलाच कसे विसरले, कुणाचातरी मासा उसना आणून आईला आपणच धरला म्हणून कसा दाखवला, आणि आईने तो साफ करताना पोटातून दुसऱ्याचा गळ कसा काढला. माझं लक्ष पाण्याकडे होतं, पण ती मधे मधे "ऐकताय ना?" विचारायची, म्हणून ऐकावं लागलं. डोकं दुखायला लागलं. एक अख्खा रविवार पाण्यात गेला, हाताला काही लागलं नाही. तळ्याची पलीकडची बाजू तर बघायचीच राहिली.

घरी आलो तोवर ही आलेली होती. आमचे पाय बघून तिने दारातच थांबवलं. पाय धुतोय तोच आत्याचा फोन आला. टिटवीने ओल्या हातानेच घेतला. यावेळी दार लावलं नाही, तिथेच उभी राहून बोलली.

"आत्या, मी जूनमध्ये नाही येत. नाही गं, तसं काही नाही. आमची दोरी हरवलीय तळ्यात, ती शोधायचीय. वेळ लागेल. हो, ते आहेत ना बरोबर."

मग आत्याची आणि तिची बराच वेळ कुठल्याशा ड्रेसबद्दल बोलणी झाली.

मी हिला स्वयंपाकघरात गाठलं. मला भलतीच काळजी लागून राहिली होती. मी म्हटलं, "अगं, त्या पोरीला सांगायला हवं. एवढा मोठा मासा, पाणी एवढं खोल. ती दोरी आता काही मिळायची नाही. आज नाही, जूनमध्ये नाही, कधीच नाही."

ही माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिने हातातला टॉवेल तोंडाला लावला, आणि म्हणाली, "तिला सांगू नका."